एकाच नावाचे उमेदवार : योगायोग की मतदाराची फसवणूक?

रायगडचा_मतदार
२०१४च्या लोकसभेला आमच्या रायगडात अनंत गीते २,११० मतांनी निवडून आले, सुनील तटकरे पडले. त्याच मतदारसंघात सुनील तटकरे नावाचे एक अपक्षही उभे होते. त्यांना ९,८४९ मतं. मला पक्षाशी देणंघेणं नाही. पण जाड भिंगाचा चष्मा लावून आलेली आजी नाव दिसलं की बटण दाबते. तिचं मत भलत्याच माणसाला गेलं, तर ते तिचं मत कसं म्हणायचं? केरळात २००४ साली व्ही. एम. सुधीरन आलप्पुळातून १,००९ मतांनी हरले, तिथेही दुसरे एक सुधीरन उभे होतेच. नाव जुळलं की छाननीतच कसून चौकशी व्हायला हवी.

कलम_आणि_कायदा
चौकशी करून विचारणार काय? "तुझं नाव हे का?" मे २०२४ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आईवडिलांनी ठेवलेलं नाव सारखं निघालं म्हणून कुणाला लढण्यापासून कसं अडवायचं, असा न्यायालयाचा सवाल होता. शेवटी याचिका मागे घ्यावी लागली. आणि त्या ९,८४९ मतांपैकी चुकून पडलेली किती, हे कुणीही सांगू शकत नाही.

बातमी_वाचक
'कलम_आणि_कायदा' यांचं म्हणणं पटतं. आपल्याकडे नावं जुळणारच. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेला जयंत पाटील हरले, ते शेकापचे. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्षही जयंत पाटीलच, आणि त्यांच्याच पक्षाचा या जयंतरावांना पाठिंबा! विश्वास पाटील म्हटलं की मला कादंबरीकार आठवतात, कोल्हापूरकरांना 'गोकुळ'चे माजी अध्यक्ष. यात कुणाचा डाव नाही.

रायगडचा_मतदार
बातमीत "शेकापचे" एवढा एक शब्द घातला की भागतं. मतदान कक्षात कुणाला विचारणार? आणि छत्तीसगडच्या महासमुंदला २०१४ मध्ये चंदूलाल साहूंच्या समोर चंदूलाल साहूंची रांगच उभी राहिली, तीही माजी मुख्यमंत्री अजित जोगींशी लढत असताना. खरे साहू कसेबसे १,२१७ मतांनी तरले. याला योगायोग म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नवमतदार
पण १ मे २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो. तुमची उदाहरणं सगळी त्याआधीची.

रायगडचा_मतदार
मग २०२४चं दिंडोरी घ्या. फोटो होता. तरी भास्कर भगरेंच्या जोडीला उभ्या राहिलेल्या बाबू भगरे या अपक्षाला लाखावर मतं पडली.

कलम_आणि_कायदा
दिंडोरीत आडनावाइतकाच घोळ चिन्हाचा होता. एकाकडे तुतारी वाजवणारा माणूस, दुसऱ्याकडे नुसती तुतारी. तिथे दोष चिन्ह देणाऱ्यांचा, भगरे आडनावाचा नाही. १९६१च्या निवडणूक नियमांतच तरतूद आहे की नावं सारखी असली तर व्यवसाय किंवा राहण्याचं ठिकाण जोडून फरक दाखवायचा. ते ठिकाण नावाइतक्याच ठळक टायपात छापा, यासाठी भांडणार असाल तर मी तुमच्या बाजूने. अर्ज अडवण्याला मात्र माझा विरोधच राहील.