मदत हवी आहे: इमर्जन्सीत नेल्यावरही तासभर अँब्युलन्सच्याच स्ट्रेचरवर (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,

सासूबाई (वय ७१) सांगलीहून आमच्याकडे आल्या आहेत. व्हिजिटर व्हिसा, व्हिजिटर इन्शुरन्स. परवा रात्री जेवताना छातीत कळ आली, घामाने डबडबल्या. ९११ ला फोन केला. पॅरामेडिकनी घरातच ईसीजी काढला आणि जवळच्या हॉस्पिटलात नेलं. नाव मुद्दाम देत नाही.

इमर्जन्सीच्या दारातून आत गेलो आणि तिथेच भिंतीला लागून थांबलो. नर्सने बीपी, ऑक्सिजन बघितला आणि "बेड नाही, थांबावं लागेल" म्हणून निघून गेली. सासूबाई अँब्युलन्सच्याच स्ट्रेचरवर, मॉनिटरही अँब्युलन्सचाच. दोघं पॅरामेडिक शेजारी हाताची घडी घालून उभे, कारण पेशंट ताब्यात दिल्याशिवाय त्यांना हलता येईना. रजिस्ट्रेशनवाली बाई मात्र कॉम्प्युटरची गाडी ढकलत लगबगीने आली: इन्शुरन्स कार्ड, पत्ता, सही! डॉक्टर उगवायला तासाच्या वर गेला. (पित्ताशयात खडे निघाले. हार्ट ठीक आहे, काळजी नसावी.)

तक्रारीचा फोन केला तर म्हणे, "तोवर पेशंट अँब्युलन्सच्या ताब्यात होता, आम्ही दाखल करून घेतला नव्हता." मला हे पटत नाही. १९८६ चा एमटाला कायदा सांगतो की मेडिकेअरचे (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जो येईल त्याला तपासायचं आणि प्रकृती गंभीर असेल तर स्थिर करायचं. त्यात व्हिसा, इन्शुरन्स आड येत नाही. मग ही जबाबदारी नक्की कुठल्या क्षणी सुरू होते? नर्सने बीपी बघितला म्हणजे तपासणी झाली का? आणि तक्रार केली तर बिलावर काही फरक पडेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

पारिजात_ईआर: मी इमर्जन्सीतच नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. "दाखल करून घेतला नव्हता" ही सबब चालत नाही. अँब्युलन्स हॉस्पिटलच्या आवारात शिरली की जबाबदारी हॉस्पिटलची, मग गाडी कोणाचीही असो. पेशंटला असं अँब्युलन्सच्या स्ट्रेचरवरच थांबवून ठेवण्याला आमच्याकडे पेशंट 'पार्क' करणं म्हणतात आणि सीएमएसने (मेडिकेअर चालवणारी केंद्रीय सरकारी संस्था) २००६ मध्येच त्याबद्दल हॉस्पिटलांचे कान उपटलेत. पुढच्या वर्षी खुलासाही केला की खरोखरच जागा किंवा माणसं नसतील तर पॅरामेडिकना थांबायला सांगणं म्हणजे प्रत्येक वेळी कायदाभंग होतोच असं नाही. पण पेशंटला किती तातडी आहे हे आल्याआल्या बघायलाच हवं.

बीपी बघणं हे ट्रायाज. त्यातून फक्त नंबर कोणाचा आधी ते ठरतं, तपासणी होत नाही. ती डॉक्टरने किंवा हॉस्पिटलच्या नियमांत नेमून दिलेल्या पात्र व्यक्तीने करायची असते. छातीत दुखत असेल तर आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढून डॉक्टरने बघावा असा रिवाज आहे. तुमच्या केसमध्ये घरी काढलेला ईसीजी कोणी, किती वाजता बघितला, हे आधी शोधा. अख्खी तक्रार त्यावर उभी राहील किंवा पडेल. कार्ड मागणं चुकीचं नाही, त्यापायी तपासणी लांबली तर चूक.

टेक्सासकर: आमच्या शेजाऱ्यांची गाडी तर वाटेतूनच दुसरीकडे वळवली होती. हे चालतं?

पारिजात_ईआर: हॉस्पिटल 'डायव्हर्जन'वर असेल, म्हणजे जागा किंवा माणसं नाहीत म्हणून अँब्युलन्स दुसरीकडे न्या असं कळवलेलं असेल, आणि गाडी त्यांची स्वतःची नसेल, तर चालतं. पण नाही म्हटल्यावरही गाडी आवारात आलीच, तर बघावंच लागतं. १९९८ मध्ये शिकागोत गोळी लागलेला एक मुलगा इमर्जन्सीच्या दारापासून हाकेच्या अंतरावर पडला होता आणि स्टाफ बाहेर जाईना. पुढे नियमांत मुख्य इमारतीपासून २५० यार्डांपर्यंतचं आवार धरलं गेलं.

कृष्णाकाठ: आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय की जीव वाचवणं आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. तरी डिपॉझिट मागतातच.

बे_एरियाकर: दादा, त्यावर वेगळा धागा काढा ना, तिथे मीही लिहीन.

ताई, कॅलिफोर्नियात २०२३ चा एबी ४० कायदा आहे. त्यानुसार पेशंट ताब्यात घ्यायचं स्थानिक मानक ३० मिनिटांहून जास्त ठेवता येत नाही, तेही ९० टक्के वेळा पाळायचं. म्हणून अँब्युलन्स कंपनीकडून पॅरामेडिकचा रिपोर्ट मागवा. गाडी पोचल्याची आणि पेशंट सोपवल्याची वेळ त्यात असते. तक्रार राज्याच्या पब्लिक हेल्थ डिपार्टमेंटकडे करा. फुकट आहे, वकील लागत नाही. उल्लंघन सिद्ध झालं तर मोठ्या हॉस्पिटलला दर उल्लंघनामागे सव्वा लाख डॉलरच्या वर दंड होऊ शकतो, पण तो सरकारजमा. बिल एका पैशानेही कमी होणार नाही. एमटाला तपासणीची हमी देतो, फुकट उपचारांची नाही. त्यामुळे आयटमाइज्ड (बाबवार) बिल आणि फायनान्शियल असिस्टन्सचा फॉर्म आजच मागा, तक्रारीच्या निकालाची वाट बघू नका. अँब्युलन्सचं बिल बहुधा वेगळं येईल.

(धागाकर्ती): खूप आभार दोघांचेही. रिपोर्ट मागवायच्या फॉर्मवर सही नवऱ्याची चालेल का? सासूबाई सही मराठीतच करतात.

पारिजात_ईआर: पेशंट शुद्धीत आहेत, तर सही त्यांचीच. मराठीत चालते. सोबत पासपोर्टची कॉपी जोडा.