पुद्दुचेरी : दोघांसाठी दोन रात्री, आणि जिंजी बसेल का?

वाटसरू_पुणे :
जानेवारीच्या शेवटी दोघांना पुद्दुचेरीला जायचं आहे. पुणे-चेन्नई विमान, पुढे गाडी. हातात दोन रात्री आणि तीन दिवस. जुन्या फ्रेंच वस्तीत निवांत फिरणं हा मुख्य हेतू. एक जण शाकाहारी आहे. प्रश्न तीन : मुक्काम नेमका कुठे करावा? स्कूटर घ्यावी का? आणि जिंजीचा किल्ला यात बसतो का, की उगाच ओढाताण होईल?

दक्षिणवाट :
आधी तारखा पक्क्या करा. पोंगल आणि 26 जानेवारीला जोडून आलेली सुट्टी टाळा. एरवीही शनिवार-रविवारी चेन्नई आणि बंगळूरची गर्दी उतरते आणि खोल्यांचे भाव चढतात. सोमवार ते बुधवार सगळ्यात शांत. फक्त संग्रहालय सोमवारी बंद असतं. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथला खरा पावसाळा, त्यामुळे जानेवारीअखेर हवा उत्तम.

चेन्नई विमानतळावर उतरलात की शहरात शिरू नका, तिथूनच गाडी करा. साधारण 140 किमी, तीन ते साडेतीन तास. जाताना समुद्राकाठच्या ईसीआरने (ईस्ट कोस्ट रोड) जा, वाटेत महाबलीपुरम लागतं. तिथे दोन तास थांबलात तरी संध्याकाळच्या आत पोचता.

मुक्काम व्हाइट टाउनमध्येच, म्हणजे जुन्या फ्रेंच वस्तीत करा, गावाच्या मधून जाणाऱ्या कालव्याच्या पूर्वेला. हा भाग उभा-आडवा मिळून जेमतेम दीड किलोमीटरचा, सगळा पायी होतो. समुद्राकाठचा गुबेर अव्हेन्यू संध्याकाळी 6 ते सकाळी 7.30 वाहनांना बंद असतो. हॉटेल त्याच रस्त्यावर असेल तर गाडी कुठे थांबवायची आणि सामान कसं न्यायचं, ते आधीच फोन करून विचारा.

कोकणातून जाणारे नेहमी एक गोष्ट विसरतात : इथला समुद्र पूर्वेला आहे. पाण्यात सूर्यास्त दिसणार नाही, सूर्योदय दिसेल. सहाला बाहेर पडा. गांधीजींच्या पुतळ्याभोवती आठ उंच दगडी खांब आहेत, ते जिंजीहून आणलेले असं सांगतात. जवळ जाऊन त्यांच्यावरचं कोरीवकाम नक्की बघा. पुढे 1836 चं जुनं दीपगृह आहे. पोहायला मात्र उतरू नका, काठाला खडक आणि पाण्याला ओढ आहे.

फिल्टरकापी :
मुक्कामाबद्दल थोडी भर. श्रीअरविंद आश्रमाची अतिथिगृहं स्वच्छ आणि स्वस्त आहेत, पण रात्री दार ठरलेल्या वेळी बंद होतं आणि दारू-सिगारेट चालत नाही. रात्री उशिरापर्यंत फिरायचं असेल तर ती घेऊ नका. 21 फेब्रुवारी आणि 15 ऑगस्ट या दर्शनदिनांच्या (माताजी आणि श्रीअरविंद यांचे जन्मदिवस) आसपास तर तिथे खोलीच मिळत नाही. कुठेही राहा, दोघांचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

स्कूटर व्हाइट टाउनसाठी नको. एकदिशा रस्ते आणि पार्किंग शोधण्यातच वेळ जातो. ऑरोव्हिलला (गावाबाहेरची, देशोदेशीच्या लोकांची वसाहत) जायचं त्या दिवसापुरती घ्या. घेताना चार गोष्टी बघा : काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं (म्हणजे भाड्याने द्यायचा परवाना आहे), दोन हेल्मेट, विम्याचा कागद आणि ब्रेक. आधीच्या ओरखड्यांचे फोटो दुकानदारासमोरच काढा. अनामत म्हणून मूळ आधार किंवा लायसन्स ठेवू नका. ऑरोव्हिलचा बहुतेक भाग तमिळनाडूत येतो. खासगी पांढऱ्या पाटीची स्कूटर भाड्याने घेतली असेल तर हद्दीवर अडचण होते.

ऑरोव्हिलमध्ये मातृमंदिराच्या (ध्यानासाठीची सोनेरी गोल वास्तू) आत शांत बसायचं असेल तर आगाऊ नोंदणी लागते, ऐनवेळी गेल्यावर फक्त दुरून दर्शन. अभ्यागत केंद्रापासून त्या जागेपर्यंत साधारण एक किलोमीटर सावलीची पायवाट आहे, तीही छान आहे.

खाण्याचं : बरीच उपाहारगृहं दुपारी तीन ते सात बंद असतात, तेव्हा जेवण अडीचच्या आत उरका. शाकाहाऱ्याने फ्रेंच ठिकाणी रॅटाटुई (शिजवलेल्या भाज्या) किंवा चीजचा क्रेप (पातळ धिरडं) मागवावा. सूप मागवताना मात्र ते मांसाच्या पाण्यात केलंय का, हे विचाराच. पोटभर जेवायचं तर कालव्यापलीकडे केळीच्या पानावरचं मील्स.

आणि हो, कालव्यापलीकडे जाच. बहुतेक जोडपी पिवळ्या भिंती आणि बोगनवेलीपाशी फोटो काढून परततात, अर्धं गाव बघायचं राहून जातं. वैश्याळ रस्त्यावरची तमिळ घरं बघा. रस्त्याला लागून ओटा असतो, त्याला तिन्नै म्हणतात; वाटसरूला टेकायला म्हणून बांधलेला. त्यावर लाकडी खांबांचं छप्पर, आत चौक. काही घरांना खाली तमिळ ओसरी आणि वर फ्रेंच धाटणीच्या कमानदार खिडक्या आहेत. दोन्ही वस्त्यांचं नातं एकाच भिंतीवर वाचता येतं.

गडकोट :
जिंजी बसतो, आणि मराठी माणसाने तो सोडू नये. कालव्याकाठच्या रस्त्याचं नावच जिंजी सालई आहे. 1677 मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. पुढे राजाराम महाराजांनी इथूनच राज्य चालवलं आणि औरंगजेबाचा सेनापती झुल्फिकारखान याच्या वेढ्याला 1690 पासून 1698 पर्यंत दाद दिली नाही. 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव.

वेगळा दिवस मोडू नका. परतीच्या दिवशी करा. पुद्दुचेरी ते जिंजी साधारण 70 किमी, तिंडिवनमवरून पावणेदोन तास. सकाळी सहाला सामानासकट निघा. तिकीट खिडकी उघडते तेव्हाच आत शिरा. राजगिरी, म्हणजे किल्ल्याचा सगळ्यात उंच डोंगर, चढायला सव्वा ते दीड तास लागतो. पायऱ्या दगडी आणि उंच, काही ठिकाणी झिजलेल्या. अकरानंतर तो खडक तव्यासारखा तापतो, बेत फसतो तो इथेच. दुपारी उशिरा वर सोडतही नाहीत. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पकड असलेले बूट. खाऊची पिशवी हातात नको, माकडं हिसकावतात.

शेवटच्या टप्प्यावर माथ्याचा कातळ डोंगरापासून तुटलेला आहे. मधल्या खोल दरीवर छोटा पूल आहे आणि आत जायला तेवढीच वाट. त्या पुलावर उभं राहून खाली बघा, म्हणजे वेढा इतकी वर्षं का लांबला ते कळतं.

गुडघे कुरकुरत असतील तर राजगिरी सोडा, पायथ्याचा कल्याणमहाल, कोठारं आणि तटबंदी बघा. दीड तास पुरतो. बाराला निघालात की तीन-साडेतीन तासांत चेन्नई विमानतळ. विमान सातनंतरचं घ्या. गाडी ठरवतानाच 'पुद्दुचेरी-जिंजी-विमानतळ, चार तास थांबा' असं बोलून घ्या, नाहीतर थांब्याचे पैसे नंतर वाढतात.

वाटसरू_पुणे :
हे फार उपयोगी. परतीचं विमान रात्रीचंच घेतो. तिथे दारू स्वस्त असते म्हणतात, मित्रांसाठी दोन बाटल्या आणल्या तर?

दक्षिणवाट :
जिंजीमार्गे परतताना तर अजिबात नको. हद्द ओलांडली की तमिळनाडूच्या चौक्यांवर गाड्या तपासतात, बाटल्या जप्त होतात आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. त्यापेक्षा आश्रमाचा हातकागद आणि उदबत्ती न्या. कागद गुंडाळून नळीत घाला, सुटकेसमध्ये दुमडला तर घडी जात नाही.