मागचे चाक सारखे पंक्चर होते; उन्हाळ्यात सायकल चालू ठेवावी का?

त्रिमूर्तीनगरचा सायकलस्वार

नमस्कार. गेल्या ऑक्टोबरपासून मी नागपुरात त्रिमूर्तीनगरहून सिव्हिल लाइन्समधील कार्यालयात सायकलने जातो. प्रतापनगर, बजाजनगर, शंकरनगर, लॉ कॉलेज चौक असा नेहमीचा रस्ता आहे आणि एका वेळचे अंतर सुमारे सात किलोमीटर भरते. लहानपणी वडिलांच्या २४ इंची सायकलवर कैची मारत शिकलो होतो. त्यानंतर बावीस वर्षे सायकलला हात लागला नव्हता.

या सहा महिन्यांनी मला जे दिले ते आधी सांगतो, म्हणजे प्रश्नामागची तळमळ लक्षात येईल. लॉ कॉलेज चौक ओलांडून सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली शिरल्यावर हवा बदलते, आणि तो बदल मोटारसायकलवर असताना मला इतक्या वर्षांत एकदाही जाणवला नव्हता. सध्या तिथले कडुनिंब मोहरले आहेत. सकाळी त्या गंधातून हळूहळू जाताना दिवसाची सुरुवात माझ्या मनासारखी झाल्याचे समाधान मिळते, आणि ते मला गमवायचे नाही.

अडचण अशी की जानेवारीपासून मागचे चाक सहा वेळा पंक्चर झाले. तिसऱ्या वेळी नवी ट्यूब टाकली, तरी प्रकार थांबला नाही. टायर वरून चांगला दिसतो. २६ इंची आहे आणि बाजूवर हवेचा दाब ४० ते ६५ पीएसआय असा छापलेला आहे. डिसेंबरमध्ये सिमेंट रस्त्याच्या कडेच्या खाचेत चाक अडकून रिम वाकली होती, तेव्हा एका दुकानातून तिचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला. त्यानंतर चाक सरळ फिरते. दोनदा तर कार्यालयाच्या वेळेस पंक्चर झाल्यामुळे अर्धा रस्ता सायकल ढकलत न्यावी लागली.

आता एप्रिल अर्धा सरला आहे. घरच्यांचे म्हणणे आहे की पाऊस पडेपर्यंत सायकल ठेवून द्यावी. पंक्चरचे कारण काय असावे आणि मे महिन्यात नागपुरात रोज सायकल चालवणे शहाणपणाचे आहे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वर्धा रोडवरून

उन्हात हवा प्रसरण पावते आणि ट्यूब फुटते, असा माझा अनुभव आहे. आपण उन्हाळ्यापुरती हवा थोडी कमी ठेवून पाहावी. सायकल सावलीत उभी करणेही आवश्यक आहे.

काटोल रोडचा प्रवासी

वरील प्रतिसादातील सावलीचा सल्ला योग्य आहे, परंतु हवा कमी ठेवण्याशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण नीट सांगणे मला गरजेचे वाटते. सकाळी २५ अंश तापमानात ५० पीएसआय हवा भरली आणि दुपारी चाक ४५ अंशांपर्यंत तापले, तर दाब चार-साडेचार पीएसआयने वाढतो. सायकल थेट उन्हात राहून चाक ६० अंशांपर्यंत तापले, तरी ही वाढ आठ पीएसआयच्या आतच राहते. टायरवर ६५ छापलेले असताना एवढ्या वाढीने धड ट्यूब फुटण्याचे कारण नाही. उलट हवा कमी असेल, तर खड्ड्याच्या किंवा सिमेंट रस्त्याच्या काठावर चाक आदळताना ट्यूब रिम आणि टायर यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. मागच्या चाकावर वजन जास्त असल्यामुळे हा धोका तिथे अधिक असतो. उन्हाने नुकसान होते ते वेगळ्या वाटेने: जुन्या ठिगळाखालचे सोल्युशन मऊ पडते, टायरच्या बाजूंना चिरा जातात आणि रिमवरची रबरी पट्टी सैल होऊन सरकते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. सहा पंक्चर झाली, पण छिद्र ट्यूबच्या कोणत्या बाजूला होते हे आपण लिहिलेले नाही, आणि सगळे उत्तर तिथेच आहे. छिद्र रस्त्याच्या बाजूला असेल, तर काटा, काच किंवा तार टायरमधून आत आली आहे असे समजावे. शहराबाहेर बाभळीचा काटा असतो. शहरात मात्र ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून गळून पडलेल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा फार त्रास देतात. अशी तार टायरमध्ये रुतून राहिली, तर ट्यूब कितीही वेळा बदला, ती पुन्हा टोचणारच. बोटाला ती चटकन लागत नाही, म्हणून टायरच्या आतून सुती फडके फिरवावे. जिथे धागा अडकेल तिथे तार सापडते. छिद्र व्हॉल्व्हच्या मुळाशी असेल, तर ट्यूब तिरकी बसली आहे.

छिद्र रिमच्या बाजूला असेल, तर टायर निर्दोष आहे. आपण डिसेंबरमध्ये आउट काढल्याचे लिहिले आहे आणि पंक्चर जानेवारीपासून सुरू झाले, म्हणून माझा संशय इथेच आहे. आउट काढताना स्पोक आवळले जातात आणि काही स्पोकची टोके निपलच्या (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाच्या) बाहेर रिमच्या आत डोकावू लागतात. रबरी पट्टी पातळ किंवा सरकलेली असेल, तर ते टोक चाकाच्या प्रत्येक फेरीला ट्यूब घासत राहते.

पुढच्या वेळी दुकानात देण्यापूर्वी टायरवर व्हॉल्व्हच्या समोर खडूने खूण करा. मग ट्यूब काढा, तिच्यात हवा भरा, बादलीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधा आणि ट्यूब त्याच स्थितीत चाकाशेजारी धरा. छिद्रासमोर रिमवर काय आहे ते दिसेल. ठिगळ स्वतः लावणार असाल, तर ट्यूब पॉलिश पेपरने घासा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत चार-पाच मिनिटे थांबा. बहुतेक ठिगळे ओल्या सोल्युशनवर घाईने दाबल्यामुळे सुटतात.

महालची निवृत्त शिक्षिका

पंक्चरबद्दल वर सविस्तर आले आहे, म्हणून मी फक्त उन्हाविषयी लिहिते. मी एकतीस वर्षे शाळेत सायकलने गेले आणि आजही सकाळी फुटाळा तलावापर्यंत जाऊन येते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे आपण सर्व जाणतो. तरीही सायकल पूर्ण बंद करण्याची गरज मला कधी वाटली नाही. वेळ बदलावी लागते. मेमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्योदय होतो. आपण साडेसहाला निघून सातपर्यंत पोहोचलात, तर ऊन अंगावर यायच्या आत प्रवास संपतो. कपड्यांचा जोड कार्यालयातच ठेवावा.

खरा प्रश्न परतीचा आहे. संध्याकाळी साडेपाचला सिमेंटचा रस्ता दिवसभराची उष्णता खालून फेकत असतो आणि वरून गरम वारा लागतो. शक्य असेल, तर सूर्यास्तानंतर, म्हणजे सातनंतर निघावे. ते जमत नसेल, तर नागपूर मेट्रोत सायकल नेण्याची मुभा आहे. सीताबर्डीहून सुभाषनगरपर्यंत मेट्रोने आल्यास उन्हातला मोठा टप्पा टळतो.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे, आणि त्यात एक फसवणूक आहे. घाम लगेच वाळतो, त्यामुळे शरीरातले किती पाणी गेले ते कळतच नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर ताक किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घ्यावे. डोके, कान आणि मान दुपट्ट्याने झाकावी. डोके दुखू लागले, मळमळले किंवा घाम येणे थांबले, तर घर एक किलोमीटरवर असले तरी उतरून सावलीत बसावे आणि डोक्या-मानेवर पाणी घ्यावे. या एका बाबतीत मी माझ्या विद्यार्थ्यांनाही कधी सूट दिली नाही.

घरच्यांना आपण सकाळची वेळ ठरवल्याचे सांगा. त्यांची काळजी रास्त आहे आणि तिचे उत्तर वेळापत्रकातच आहे.

त्रिमूर्तीनगरचा सायकलस्वार

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी रात्री चाक पुन्हा बसले आणि या वेळी मी ते दुकानात नेले नाही. रविवारी सकाळी खडूची खूण करून ट्यूब काढली व बादलीत बुडवली. छिद्र रिमच्याच बाजूला होते. जुनी ट्यूब माळ्यावर पडली होती, तीही काढून पाहिली. तिच्यावरची तिन्ही छिद्रे आतल्या बाजूला आणि व्हॉल्व्हपासून जवळपास त्याच अंतरावर निघाली. रिमवरची रबरी पट्टी एका बाजूला सरकली होती आणि तिच्याखाली दोन स्पोकची टोके निपलच्या वर आली होती. बोट फिरवले तर ती टोचत होती.

चार महिने मी रस्त्याला दोष देत होतो. टोके कानशीने घासून सपाट केली, रबरी पट्टी काढून कापडी रिम टेपचे दोन थर गुंडाळले आणि सोल्युशन पूर्ण वाळू देऊन ठिगळ लावले. या कामाला दीड तास लागला. माझी मुलगी शेवटपर्यंत बादलीजवळ बसून होती आणि बुडबुडे तिनेच आधी पाहिले. ५५ पीएसआय हवा भरली आहे.

आज सकाळी साडेसहाला निघालो. बजाजनगरपर्यंत रस्ता मोकळा होता, कडेला उभ्या मोटारींचे दरवाजे उघडण्याची भीती नव्हती, आणि सिव्हिल लाइन्समध्ये पोहोचलो तेव्हा सावल्या अजून लांब होत्या. परतीसाठी मेट्रोचा उपाय उद्या करून पाहतो.

काटोल रोडचा प्रवासी

कारण सापडले, हे वाचून फार आनंद झाला. एक विनंती आहे: पुढच्या चाकावरची रबरी पट्टीही तेवढीच जुनी असणार, तेव्हा पुढचे चाक पंक्चर होण्याची वाट न पाहता तिथेही कापडी टेप गुंडाळून घ्या. टेपला व्हॉल्व्हसाठी छिद्र पाडताना ते मोठे होणार नाही याकडे लक्ष द्या, नाहीतर ट्यूब तिथूनच घासू लागेल.

त्रिमूर्तीनगरचा सायकलस्वार

येत्या रविवारी करतो. मुलीने बादली आत्ताच मागून ठेवली आहे.