'अमूर्त' चित्र म्हणावं की आणखी काही?

चारकोल
कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. सत्र संपताना स्वतःच्या कामावर टिपण लिहायचं असतं: काय केलं, कोणाचं पाहून केलं. मी लिहिलं, 'चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या अमूर्त चित्रांचा माझ्यावर प्रभाव आहे.' सरांनी 'अमूर्त'खाली लाल रेघ मारली. म्हणाले, गायतोंड्यांना ॲब्स्ट्रॅक्ट हा शब्द मान्य नव्हता, ते नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत. मराठीत शब्द शोध. 'वस्तुहीन' लिहून पाहिलं, पण त्यात चित्रालाच काही उणं असल्यासारखं वाटतं. काय लिहू?

बोरूबहाद्दर
'अप्रतिरूप' लिही. कशाचंही प्रतिरूप नसलेलं. 'अमूर्त' म्हणजे ज्याला आकार नाही ते. गायतोंडे रोलर फिरवायचे, पॅलेट नाइफनं रंग काढायचे, कॅनव्हासवर ते सगळं डोळ्यांना दिसतं. ते अमूर्त कसं?

सीताबर्डी
गायतोंड्यांचा जन्म आमच्या नागपूरचा, १९२४ चा, म्हणून बोलतो. प्रदर्शनाच्या पत्रिकेवर 'अमूर्त' छापतात, समीक्षक तेच लिहितात, वाचणाऱ्याला कळतं. 'अप्रतिरूप' बोलताना कोणाच्या तोंडून ऐकलंय? घडवलेला शब्द आणि रुळलेला शब्द यांत मी रुळलेला घेईन.

बोरूबहाद्दर
'महापौर'सुद्धा घडवलेलाच होता. वापरला म्हणून रुळला.

धातुपाठ
'मूर्त' आलाय 'मूर्च्छ्' धातूपासून. घट्ट होणे, गोठणे असा त्याचा एक अर्थ. 'मूर्च्छा' त्यातलीच, गाण्यातली 'मूर्च्छना'ही त्याच घरची. म्हणजे अमूर्त म्हणजे अजून न गोठलेलं! गायतोंड्यांचा कॅनव्हास बघताना रंग आत कुठेतरी अजून हलतोय असं वाटतं ना? मला तर याहून नेमका शब्द दिसत नाही. सरांना हे जरूर सांग.

बोरूबहाद्दर
व्युत्पत्ती सुरेख आहे, पण आज 'अमूर्त' वाचून कोणाच्या मनात गोठणं येतं?

खडूफळा
मी पंधरा वर्षं मुलांना चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसवतेय. एलिमेंटरीला 'वस्तुचित्र', इंटरमिजिएटला 'स्थिरचित्र'. 'स्थिरचित्र' मला कधीच पटलं नाही. चित्र स्थिरच असतं, ठेवलेला तांब्या आणि वांगी स्थिर आहेत हे सांगायचंय. पहिल्या तासाला कुणी ना कुणी विचारतंच, 'बाई, मग हलणारं चित्र कुठलं?'

सीताबर्डी
वांगीसुद्धा स्थिर नसतात बाई. दुसऱ्या दिवशी सुरकुततात, सावली बदलते. आमचे सर शेडिंग एका बैठकीत संपवायला लावायचे ते त्यासाठीच. 'मांडणीचित्र' कसं वाटतं?

खडूफळा
मांडणी म्हटलं की आताच्या मुलांना इन्स्टॉलेशन आठवतं, म्हणजे जागेत वस्तू मांडून केलेली कलाकृती. तिथेही 'मांडणशिल्प' आहेच.

लिनोकट
सगळे 'अमूर्त'वर अडलेत, मला 'प्रभाव' खटकतोय. त्यात कोणीतरी वर आणि आपण खाली असं होतं. 'ठसा' का नाही? मी मुद्राचित्रण करतो. ठसा उलटा कोरावा लागतो, तेव्हा कागदावर सुलटा येतो. दोन वर्षं एका चित्रकाराची रेष जशीच्या तशी गिरवत होतो, माझ्या हातून काहीच निघालं नाही. त्याची रेष सोडून नुसत्या रिकाम्या जागा पाहायला लागलो, तेव्हा कुठे माझं काम सुरू झालं.

धातुपाठ
'संस्कार' बघा. सम् अधिक कृ. त्यात घडवणं आहे.

लिनोकट
संस्कार आईवडील करतात. ठसा मी स्वतः कोरतो.

चारकोल
टिपण उद्या अकराला द्यायचंय. लिनोकट, तुमचं वाचून पहिलं वाक्य पूर्ण खोडलं. पण त्यात 'अमूर्त' होता, तो प्रश्न तसाच राहिलाय.

सीताबर्डी
खडूफळा बाई, 'निश्चलवस्तू' चालेल का?