दरमहा देणगीदार, दोन तिकिटे आणि पहिल्या दोन रांगा

प्रेषक: कोषाध्यक्ष

सप्रेम नमस्कार,

मागच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे स्टँडिंग ऑर्डरने (बँकेला दिलेल्या कायम सूचनेने) मंडळाला दरमहा देणगी देणाऱ्या ३४ जणांना दिवाळीच्या कार्यक्रमाची प्रत्येकी दोन तिकिटे भेट द्यायची आणि पहिल्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवायच्या, अशी पत्रे मी शुक्रवारी टपालात टाकणार होतो. पत्रे छापून झाली आहेत, परंतु पाकिटे बंद करण्यापूर्वी हिशेब मांडला आणि थांबलो. बहुतेकांची देणगी महिन्याला १० पौंड, म्हणजे वर्षाला १२० पौंड आहे आणि तिच्यावर आपल्याला गिफ्ट एडचे (देणगीदाराने भरलेल्या करातून ब्रिटिश सरकार संस्थेला देते त्या रकमेचे) ३० पौंड मिळतात. देणगीच्या मोबदल्यात आपण जे देतो त्याच्या किमतीला मात्र मर्यादा आहे: पहिल्या १०० पौंडांवर २५ टक्के आणि त्यापुढील रकमेवर ५ टक्के. म्हणजे १२० पौंडांना २६ पौंड. आपले तिकीट १५ पौंडांचे असल्यामुळे दोन तिकिटांचे ३० होतात. चार पौंडांनी मर्यादा ओलांडून गिफ्ट एडचे माणशी ३० पौंड घालवायचे का, हे कृपया गुरुवारपर्यंत कळवावे. एकच तिकीट दिले तर नियमात बसते, पण जोडप्यातल्या एकालाच बोलावल्यासारखे दिसते.

प्रेषक: नाट्यविभाग

तिकिटांचे काय करायचे ते कार्यकारिणीने ठरवावे. पहिल्या दोन रांगांबाबत मात्र आम्हाला कोणीही विचारलेले नाही, याची नोंद व्हावी. हॉल बदलला तेव्हापासून या रांगा बालनाट्यातील मुलांच्या घरच्यांसाठी असतात, आणि यंदा २२ मुले असून त्यांतील कित्येकांचे आजी-आजोबा केवळ तेवढ्यासाठी नाशिक-सांगलीहून येत आहेत. तीन महिने दर रविवारी मुलांना तालमीला आणून सोडणाऱ्या पालकांना सातव्या रांगेत बसवण्याचे काम आम्ही करणार नाही.

प्रेषक: अप्पा

चिरंजीव कोषाध्यक्षांनी हिशेब अचूक केला आहे, त्याबद्दल शाबासकी. ही ३४ जणांची यादी आभाळातून पडलेली नाही, एवढेच सांगायचे आहे. एप्रिल २००० पूर्वी २५० पौंडांखालच्या देणगीला गिफ्ट एड लागूच नव्हते. थोडीथोडी नियमित देणगी देणाऱ्यांकडून तेव्हा करारपत्र लिहून घ्यावे लागे, आणि ती करारपत्रे घेऊन मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दारात उभा राहिलेलो आहे. नियम बदलल्यावर गिफ्ट एडचे नवे फॉर्म भरून घेण्यासाठी पुन्हा दारोदार गेलो तोही मीच. त्या फॉर्मची फाइल मी रीतसर सुपूर्द केली होती, ती आता कोणाच्या गॅरेजमध्ये आहे हे तपासावे. बाकी तिकिटांचा घोळ हवा कशाला? एक तिकीट द्या, सोबत फराळाचा डबा द्या, आणि दुसरे तिकीट ज्याचे त्याने विकत घ्यावे.

प्रेषक: फराळ समिती

अप्पा, डबा द्या म्हणणे सोपे आहे. गेल्या वर्षी ६० डबे भरताना रात्रीचे दीड वाजले होते, आणि तळाशी चिवडा भरून वर चकल्या रचल्यामुळे झाकण लावताना निम्म्या मोडल्या, त्याबद्दलची बोलणी आम्ही संक्रांतीपर्यंत ऐकली. आणखी ३४ डबे हवे असतील तर भाजणी दळण्यापूर्वी सांगावे. शिवाय आपला डबा आपण १२ पौंडांना विकतो. एक तिकीट आणि एक डबा मिळून २७ पौंड होतात. म्हणजे पुन्हा एका पौंडाने चुकलेच.

प्रेषक: शुभाताई (माजी सचिव)

दोन दिवस सर्व पत्रे वाचते आहे. तिकीट, डबा, रांग हे सगळे झाले, पण या ३४ जणांपैकी किती जणांना आपण तोंडाने ओळखतो?

मी सचिव असताना घडलेली गोष्ट सांगते. एका घरी दर दिवाळीला आपण ‘श्री.’ लिहून शुभेच्छापत्र पाठवत होतो. बँकेच्या उताऱ्यावर दर महिन्याच्या ३ तारखेला ‘गणपती ०९’ या नोंदीसह १० पौंड बिनचूक येत होते, तेव्हा सर्व आलबेल आहे असे आम्ही गृहीत धरले. पुढे एका बारशाला त्यांच्या पत्नी भेटल्या, तेव्हा कळले की यजमानांना जाऊन दोन वर्षे झाली आहेत. खाते दोघांचे होते म्हणून पैसे येत राहिले. “हे गणपतीसाठी पाठवायचे, म्हणून मी बंद केले नाही,” असे त्या म्हणाल्या. दोन वर्षांत मंडळाचा एक फोन गेला नव्हता. त्या रागावल्या नाहीत, आणि मला त्याचीच अधिक लाज वाटली.

कोषाध्यक्षांसाठी यात हिशेबाचाही भाग आहे. गिफ्ट एडची घोषणा (आपण कर भरतो, असे देणगीदार लिहून देतो तो फॉर्म) यजमानांच्या नावे होती, तेव्हा त्या दोन वर्षांची मागणी आपण चुकीची केली होती आणि ती परत करावी लागली. निवृत्त झालेल्यांचेही तसेच. त्या वर्षी देणगीदाराने भरलेला कर आपण मागितलेल्या गिफ्ट एडपेक्षा कमी असेल, तर फरक एचएमआरसी (ब्रिटनचे कर खाते) त्याच्याकडून वसूल करते. निष्ठेने दहा पौंड देणाऱ्या पेन्शनरला आपल्यामुळे कराचे पत्र यावे, हे कोणालाच नको असेल. स्टँडिंग ऑर्डर देणाऱ्याच्या हातात असते, आपल्याला ती बदलता येत नाही, आणि म्हणून २००९ साली ठरवलेली रक्कम आजही तीच आहे. ती वाढवण्याविषयी बोलायचे तरी आधी ओळख हवी. माझी सूचना अशी की दिवाळीपूर्वी प्रत्येकाला एक फोन करावा. स्मरणिकेत आभारासह नाव छापले तर त्याची किंमत धरली जात नाही, परंतु नाव छापू का, हेही फोनवरच विचारावे.

प्रेषक: नाट्यविभाग

फोन जरूर करावेत. रांगांचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

प्रेषक: कोषाध्यक्ष

शुभाताई, आपले पत्र वाचून पाकिटे बाजूला ठेवली आणि काल संध्याकाळी चार जणांना फोन केले. इथली पत्रे दोनशे जणांकडे जातात, त्यामुळे देणगीदारांची नावे येथे कोणीही लिहू नयेत. मी रजिस्टरातील क्रमांक वापरतो. क्रमांक ४ यांनी दहा मिनिटे केवळ अप्पांची चौकशी केली. क्रमांक ९ निवृत्त झाले असून त्यांची घोषणा या महिन्यापासून रद्द करायची आहे. क्रमांक २२ यांची घोषणा आपल्याकडे नाहीच. ते कर भरतात, आणि मागील चार वर्षांचाही फॉर्म भरून देतो असे स्वतः होऊन म्हणाले, म्हणजे ४८० पौंडांच्या देणगीवर १२० पौंड मिळतील. क्रमांक ३० यांना गुडघ्यामुळे पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून सहा वर्षे त्या कार्यक्रमाला आलेल्या नाहीत. हॉलला मागून उतार आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. पुढची रांग चौघांपैकी एकानेही मागितली नाही. क्रमांक ३० यांना कडेची खुर्ची हवी आहे, दारापाशी.

अप्पा, फाइल माझ्याच गॅरेजमध्ये निघाली. उरलेल्या ३० जणांसाठी पाच माणसे हवी आहेत, प्रत्येकी सहा फोन.

प्रेषक: नाट्यविभाग

दाराजवळच्या कडेच्या चार खुर्च्या आम्ही सोडतो. पहिल्या रांगेतल्या नव्हेत.

प्रेषक: अप्पा

१ ते ८ मधले उरलेले सगळे माझे. इतर कोणी करू नयेत.

प्रेषक: फराळ समिती

क्रमांक १७ मी घेते. पूर्वी आम्ही शेजारी राहत होतो. भाजणी शनिवारी दळायला जाणार आहे, तेव्हा डब्यांचा आकडा कोणीतरी सांगावा.