मदत हवी आहे: जपानी युनिव्हर्सिटीतली मुलं कराओकेला नक्की कुठली गाणी म्हणतात?

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये मास्टर्सला सेंदाईला चाललेय. लॅबमधल्या सेनपाईची, म्हणजे सीनियरची, मेल आलीये की पहिल्याच आठवड्यात नवीन मुलांसाठी शिनकान, म्हणजे स्वागताची पार्टी आहे, आधी इझाकायात (तिकडचं पिण्या-खाण्याचं ठिकाण) जेवण आणि तिथूनच सगळे कराओकेला. मला तिथे इंग्लिश गाणं लावून वेळ मारून न्यायची नाहीये, त्यांची गाणी त्यांच्याबरोबर गायचीयत, म्हणून दोन-तीन गाणी आत्तापासून बसवायला घेतेय. कुठली घ्यावीत यासाठी जे तिकडे शिकतायत किंवा शिकून आलेत त्यांची मदत हवीये.

जपानी पुण्यातच शिकले, भाषेच्या परीक्षेची एन३ पातळी झालीये, वाचता येतं पण भरभर नाही. आवाज खालचा आहे, गाण्याच्या क्लासला सा काळी तीनलाच लावायचे.

ऐकते मी भरपूर, पण आमच्या ग्रुपमध्ये जे फिरतं ते सगळं ॲनिमेमार्गे आलेलं. योआसोबीचं 'आयडॉल', आदोचं 'शिनजिदाई', क्रीपी नट्सचं 'ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न'. ऐकून ऐकून पाठ झालीयत तिन्ही, पण म्हणायला घेतली की श्वास पुरत नाही, 'आयडॉल'मध्ये मधेच रॅप येतं, मधेच सूर एकदम वर जातो, आणि आदो तर एका ओळीत कुठून कुठे जाते. मग योआसोबीचंच 'योरु नी काकेरु' घेऊन बघितलं, २०२० मध्ये सीडी न काढताच बिलबोर्ड जपानच्या वर्षभराच्या यादीत पहिलं आलेलं गाणं, चाल इतकी गोड की सोपं वाटतं, पण शब्द इतके ठासून भरलेत की जीभ मागे राहते. शिवाय ते ज्या कथेवर बेतलंय ती मरणाच्या ओढीची आहे, त्यामुळे स्वागताच्या पार्टीत म्हणावं की नाही तेही कळेना.

तर मला हे हवंय की कॉलेजवयाच्या मुलांना खरंच येतात, सगळे मिळून म्हणतात आणि खालच्या आवाजात बसतात अशी गाणी कुठली? आणि ॲनिमेचं गाणं निवडलं तर 'परदेशी आहे म्हणून हेच' असं वाटतं का त्यांना?

प्रतिसाद (ओसाकात शिकलो, आता तोक्योत नोकरी)

ॲनिमेचं गाणं म्हणून कोणी वेगळं काढत नाही गं, ती काळजी सोड. 'आयडॉल' २०२३ मध्ये बिलबोर्ड जपानला सलग २१ आठवडे पहिल्या नंबरवर होतं, ते काय फक्त ॲनिमेवाल्यांनी ऐकलं का. गायक योनेझु केन्शीचंच बघ, 'किक बॅक' ॲनिमेचं, 'लेमन' टीव्हीवरच्या ड्रामाचं, मुलं दोन्ही म्हणतात. 'लेमन' मात्र गेलेल्या माणसाच्या आठवणीचं आहे, पार्टी तापायच्या आधी नको लावूस.

माझं मत विचारशील तर चार्टवरचं ताजं गाणं शोधू नकोस, असं गाणं घे ज्यात बाकीचे आपोआप घुसतील. मोंगोल ८०० म्हणजे ओकिनावाचा बँड, त्यांचं २००१ चं 'चीसाना कोइ नो उता'. आत्ताच्या मुलांपैकी बरीच त्यानंतर जन्मलीयत तरी सगळ्यांना येतं, कारण शाळेच्या फेस्टिव्हलला कुठला ना कुठला बँड ते वाजवतोच आणि युनिव्हर्सिटीच्या केइओन सर्कलमध्ये, म्हणजे बँडवाल्या मुलांच्या क्लबमध्ये, नवीन मुलांना बसवायला ते सोपं पडतं. बंप ऑफ चिकनचं 'तेन्ताई कान्सोकु' पण त्याच वर्षीचं आणि तसंच, पहिली ओळ तू म्हण, पुढचं खोली म्हणते.

एकटीने म्हणायला आइम्योनचं 'मेरीगोल्ड' घे, २०१८ चं. तिचा स्वतःचाच आवाज खालचा, चाल संथ, शब्द मोकळे, तुझ्या आवाजाला अगदी बसेल.

मिसेस ग्रीन ॲपल, ज्यांना सगळे नुसतं 'मिसेस' म्हणतात, हा बँड सध्याच्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी. 'के सेरा सेरा' आणि 'लायलॅक' वर २०२३ आणि २०२४ चे जपान रेकॉर्ड अवॉर्ड लागोपाठ घेतले. पण त्यांचा गायक ओमोरी, त्याचा आवाज जिथे जातो तिथे आपण जायचं नाही, ते दुसऱ्या कोणाला म्हणू दे आणि तू टँबरिन घे. हिगेदान (ऑफिशियल हिगे दान्दिझम हा बँड) यांच्या 'प्रिटेंडर'चं पण तेच. वाउन्डीचं 'काइजू नो हानाउता' ऐकून ठेव, ते नक्की लागणार आणि सगळे ओरडून म्हणणार.

प्रतिसाद (सेंदाईतच आहे)

वरच्याशी सहमत, फक्त एक भर घालते. ग्रीनचं 'किसेकी', २००८ चं. हा ग्रुप इथून शिनकानसेनने जवळच असलेल्या कोरियामाचा, डेंटल कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी काढलेला, चेहरे कधी दाखवले नाहीत त्यांनी. गाणं साधं आहे, तोहोकूत, म्हणजे इकडच्या ईशान्य जपानात, सगळ्यांच्या जवळचं आहे आणि ते घेतलंस की लॅबमधले नक्की बोलायला लागतील.

वाचायचं टेन्शन घेऊ नकोस, स्क्रीनवर कांजीच्या (चिनी चित्राक्षरांच्या) डोक्यावर उच्चार दाखवणारे छोटे काना असतात आणि म्हणायच्या वेळी अक्षरांचा रंग बदलत जातो, कराओकेचं मशीन डाम असो की जॉयसाउंड. फक्त वेग डोळ्यात बसायला हवा म्हणून घरी शब्द बघतच म्हणायची सवय कर. रिमोटवर गाण्याची पट्टी (की) कमी-जास्त करता येते, अर्ध्या अर्ध्या सुराने, सगळे सर्रास करतात. आधी एकटीने जाऊन ये, हितोकारा म्हणतात त्याला, कामाच्या दिवशी दुपारी स्वस्त पडतं, तिथेच तुझी पट्टी ठरवून टाक.

आणि एप्रिलच्या शेवटी मियागीत अराबाकी रॉक फेस्ट असतो, मिचिनोकु पार्कमध्ये. लॅबमधलं कोणी जात असेल तर तूही जा, त्यांच्या आवडीचे बँड सगळे तिथेच कळतील.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार! 'मेरीगोल्ड' आज लावून बघितलं, खरंच बसतंय. 'किसेकी' पण घेतेच. एकच शेवटचं, गायक फुजिइ काझे चालेल का? माझा जीव आहे त्याच्यावर, आणि तो ओकायामाचा, आमच्या सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, लहानपणापासून तिथे जातेय, त्यामुळे मला तो उगाच ओळखीचा वाटतो.

प्रतिसाद (सेंदाईतच आहे)

चालेल म्हणजे काय, ती उद्यानाची गोष्ट गाण्याआधी सांगच. त्याच्या तालात घसरायला होतं म्हणून पहिलं 'मेरीगोल्ड' ठेव, दोन-तीन जण गाऊन झाले की मग 'किरारी' लाव. 'शिनुनोगा ई-वा' पण सगळ्यांना माहितीये, पण 'किरारी'वर लोक उठून नाचतात. आणि डाम असेल तर मार्क देणारं सायतेन तुझ्या वेळी बंद ठेवायला सांग, पहिल्या दिवशी ते नकोच.