फ्रिजचा बर्फ पोकळ येतोय: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-३०२: नमस्कार. फ्रिजच्या दारातल्या डिस्पेन्सरची धार अगदी बारीक झालीय. बर्फाचे खडेही लहान आणि आतून पोकळ पडतायत. मेकॅनिकला बोलावू, की आधी घरी काही बघता येईल?

बी-७०१: ताई, घाई नको. दोन्ही एकदम झालं म्हणजे बहुतेक फ्रिजला पाणीच कमी पोचतंय. फिल्टर कधी बदलला होता?

ए-३०२: आठवत नाही काका. पण फिल्टरचा दिवा तर अजून लागलेला नाही.

बी-७०१: दिव्यावर विसंबू नका. तो बहुतेक फ्रिजमध्ये महिने मोजतो, नाहीतर किती पाणी गेलं ते. फिल्टर किती तुंबलाय हे त्याला कळत नाही. साधारण ६ महिन्यांनी बदलायचाच, पाणी गढूळ असेल तर त्याआधीही. खात्री करायची तर फिल्टर काढा, फ्रिजसोबत आलेलं बायपासचं बूच (त्यातून पाणी फिल्टरशिवाय थेट जातं) त्या जागी बसवा आणि धार बघा. सुधारली, तर दोष फिल्टरचा. नाही सुधारली, तर मागचा कॉक पूर्ण उघडा आहे ना ते बघा आणि पाइपवरून हात फिरवा. फ्रिज भिंतीकडे सरकवताना तो दुमडतो.

सी-१०४: आमच्याकडे फिल्टर नवा आहे, तरी धार बारीकच. लाइन आरओवरून घेतलीय.

बी-७०१: मग दाब कमी पडत असणार. मॉडेलनुसार फ्रिजला निदान २० ते ३० पीएसआय (दाबाचं एकक) दाब लागतो आणि आरओची टाकी रिकामी होत आली की दाब उतरतो. टाकी पूर्ण भरू द्या, मग बघा.

डी-२०३: आमचं उलटं आहे. पाणी छान येतं, बर्फ मात्र होतच नाही 😟

ए-६०३: फ्रीझर कितीवर आहे? उणे १८ ला ठेव. तापमान उणे १२ च्या वर गेलं तर आइस मेकर रखडतो. आणि बर्फाच्या डब्यावर तारेची दांडी असेल तर ती वर अडकलीय का बघ. दांडी वर म्हणजे डबा भरलाय असं समजून मशीन थांबतं. सेटिंग बदलल्यावर एक दिवस जाऊ दे, लगेच बर्फाची वाट बघू नकोस.

सी-१०४: बर्फाला वास येतो त्याचं काय करायचं?

ए-६०३: जुना बर्फ सगळा टाकून द्या. तो फ्रीझरमधले वास ओढून घेतो. डबा कोमट पाणी आणि खायच्या सोड्यानं धुवा, पण पूर्ण कोरडा करूनच आत ठेवा. ओला ठेवला तर खडे एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो. तो गठ्ठा कृपया सुरीनं फोडू नका! डबा तडकतो, हातालाही लागतं. सिंकमध्ये वितळू द्या.

ए-३०२: काका, बूच लावून बघितलं. धार एकदम मोठी आली! नवा फिल्टर मागवते. तोवर हेच पाणी प्यायलं तर चालेल?

बी-७०१: नळाचं पाणी पिण्यालायक असेल तरच. खरं तर फिल्टर बसवल्यावरही हेच लागू आहे. त्यातल्या कार्बननं मुख्यतः क्लोरीनचा वास आणि चव कमी होते. दूषित पाणी त्यानं पिण्यायोग्य होईल असं समजू नका, घरात लहान मुलं आहेत. नवा बसवल्यावर सुरुवातीचं १०-१२ लिटर पाणी सोडून द्या. त्यात कार्बनची काळी पूड येते, हवेमुळे धारही थुंकल्यासारखी तुटत येते. पहिल्या दिवसाचा बर्फही टाका.

डी-२०३: आम्ही पुढच्या आठवड्यापासून महिनाभर बाहेर आहोत. फ्रिज चालूच राहणार आहे. फक्त पाण्याचा कॉक बंद केला तर पुरे ना?

बी-७०१: कॉक बंद कराच, पण आइस मेकरही बंद करा आणि डबा रिकामा करून जा. नुसता कॉक बंद केला तर आइस मेकर कोरडाच चालत राहतो आणि पाण्याचा व्हॉल्व्ह खराब होऊ शकतो.